शंभर झाले, बिया उरल्या

१२ जानेवारी, सोमवार

आज माझ्या प्रोग्रॅमची भर मोजणीच्या खोलीत अब्रू गेली.

साडेदहाला आत्यांची (सगळी प्रयोगशाळा त्यांना हेच म्हणते) हाक आली. "अरे ए प्रोग्रॅमवाल्या, इकडे ये. तुझं यंत्र म्हणतंय शंभर झाले. मग या काय माझ्या माहेरून आल्या?" ताटलीतल्या ओल्या कागदावर अकरा बिया शिल्लक होत्या आणि पडद्यावर माझी खिडकी हिरवीगार होऊन ‘शंभर झाले’ म्हणत होती. शेजारच्या टेबलावरचा लंबू खुर्चीवरून पडायचाच बाकी राहिला.

नीट लिहून काढतो, म्हणजे डोकं ताळ्यावर येईल. आमच्याकडे बियाणं तपासायला येतं. शंभर बिया ओल्या कागदावर मांडायच्या, आठ दिवस उबदार कपाटात ठेवायच्या, मग बघायचं काय काय उगवलं. चांगला कोंब, वाकडा कोंब, नाहीतर मेलेली बी. आत्या इतकी वर्षं चिमट्याने तीन ढीग करायच्या आणि शेवटी ढीग मोजायच्या. मी आलो आणि ढीग बंद केले. आता उजव्या हातात चिमटा आणि डाव्या हाताखाली आकड्यांचा छोटा कीबोर्ड. चांगल्याला एक, वाकड्याला दोन, मेलेल्याला तीन. बेरीज शंभर झाली की निकाल साठवला जातो. प्रोग्रॅम इतका साधा आहे की कोणाला सांगायलाही लाज वाटावी, आणि तोच चुकतोय.

मार्चअखेर आमच्या प्रमुख मॅडमना अहवाल द्यायचाय. त्यावर त्या ठरवणार, मला ठेवायचं की नारळ द्यायचा.

१३ जानेवारी

सापडलं! बटण दाबून धरलं की संगणक ‘दाबलं, दाबलं, दाबलं’ असा घोषा लावतो. आत्या जुन्या माणसांसारख्या बटण नीट दाबून धरतात, म्हणून एका बीच्या तीन होतात. दाबणं ही एक घटना, सोडणं ही दुसरी. आता मी फक्त सोडल्याची घटना मोजतो. कितीही वेळ धरून ठेवा, सोडणार एकदाच.

आत्यांना हे सगळं समजावून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाल्या, "म्हणजे आम्ही काय धरून ठेवतो याला किंमत नाही, सोडलं की मोजणार. घरच्यांसारखंच आहे की तुझं यंत्र." मी खूप हसलो. या इमारतीत आल्यापासून पहिल्यांदाच मोठ्याने हसलो असेन, कारण लंबूने वळून बघितलं.

१६ जानेवारी

कपाळ माझं. लंबूचं सगळं बरोबर येतं. आत्यांच्या ताटलीत आजही सहा बिया उरल्या.

आता प्रत्येक घटनेची नोंद ठेवतोय. कोणतं बटण, कोणत्या क्षणी दाबलं, कधी सोडलं, सगळं. आत्यांनी पडद्यावर सरकणाऱ्या ओळी बघितल्या आणि त्यांचा चेहरा उतरला. "ही यादी कोण कोण बघतं रे?"

"कोण बघणार? मीच."

"मॅडम?"

"मॅडमना वेळ आहे होय! आत्या, तुमची खुर्ची कोणी घेत नाहीये, घाबरू नका."

"माझी दोन वर्षं राहिलीत," त्या म्हणाल्या. "ती मला इथेच काढायची आहेत. घरी मी नि भिंती. मीच बोलायचं आणि मीच हुंकार द्यायचा."

यंत्र आलं की माणूस जाणार, ही भीती जुन्या लोकांना असतेच. मी त्यांना समजावलं की प्रोग्रॅम फक्त बेरीज करतो, बी ओळखणं त्याच्या बापालाही जमायचं नाही.

१८ जानेवारी, रविवार

दादाचा फोन आला. ‘बरा आहेस ना’, ‘बरा आहे’, ‘जेवतोस ना’, ‘जेवतो’. वहिनी मागून काहीतरी म्हणाली, ते त्याने मला सांगितलं नाही. दीड मिनिटात संपलं. नंतर खोली झाडली, दोन शर्ट धुतले, खिडकीतून समोरच्या इमारतीचा जिना बघत बसलो. सोमवार कधी येतो असं झालंय. चव्वेचाळीस वर्षांच्या माणसाने हे लिहावं म्हणजे कमालच आहे, पण इथे कोण वाचतंय?

२२ जानेवारी

नोंदी वाचल्या. आत्यांचं बटण एकदा दाबून सुटतं आणि पाठोपाठ पुन्हा दाबलं जातं. मधलं अंतर दोनशे मिलिसेकंद. कधी एकशे नव्वद, कधी दोनशे दहा, पण घड्याळ लावल्यासारखं तेवढंच. बटण खराब असतं तर दहावीस मिलिसेकंदांत दोनदा लागलं असतं. हे त्यातलं नाही. काहीतरी सेकंदाला पाच वेळा हादरतंय.

उबवणीच्या कपाटाचा पंखा! आत्यांचं टेबल त्याला चिकटूनच आहे. मी खाली वाकून टेबलाच्या चारही पायांखाली रबराचे तुकडे सरकवले. गुडघे धुळीने माखले. आत्या वरून बघत होत्या.

"टेबलच असेल ना रे?"

"टेबलच. शंभर टक्के."

"हो हो, टेबलच असेल," त्या म्हणाल्या आणि एकदम इतक्या खूश झाल्या की मला थर्मासमधला सगळा चहा पाजला.

२३ जानेवारी

टेबल नव्हतं.

२८ जानेवारी

गाळणी लावली. एका दाबानंतर अडीचशे मिलिसेकंदांच्या आत दुसरा दाब आला, तर तो मोजायचाच नाही. आत्यांच्या चारही ताटल्या बिनचूक! त्यांनी चिमटा खाली ठेवून उजव्या हाताने माझा कान धरला. "शहाणा आहेस हो."

जेवणानंतर लंबू बोंबलत आला. त्याच्या बिया संपल्या आणि बेरीज शंभर होईना. तो चांगले कोंब एका रांगेत लावतो आणि टकाटक दाबत सुटतो. त्याचे खरे दाबसुद्धा माझी गाळणी गिळत होती. एकाला वाचवायला गेलो आणि दुसऱ्याला बुडवलं.

मग डोकं चाललं. सुरुवातीला ज्याने त्याने आपलं नाव निवडायचं, आणि प्रत्येकाची गाळणी वेगळी. लंबूला साठ, आत्यांना अडीचशे. माणसाप्रमाणे यंत्राने वागायचं. असला विचार मी आधीच्या नोकरीत कधी केला नव्हता, तिथे माणसंच दिसायची नाहीत.

३ फेब्रुवारी

आत्यांनी मला हक्काचा नोकर करून टाकलंय. बियांचं पाकीट फाडायचं असलं की, "धर रे जरा." थर्मासचं झाकण काढायचं असलं की, "काढ रे जरा." एप्रनचं वरचं बटण लावायलाही आज मलाच सांगितलं. स्वतः मात्र डावा हात खिशात घालून सेनापतीसारख्या उभ्या. मोजणी नसेल तेव्हा तो हात खिशातून बाहेर म्हणून निघत नाही. मी म्हटलं, "आत्या, आळशी झालात." त्या म्हणाल्या, "भाचा कशाला असतो मग?"

खरं सांगू? मला बरं वाटतं. दुपारी साडेतीनला त्या हाक मारणार हे ठाऊक असतं, म्हणून मी तीनपासूनच कामात उगीच काहीतरी शोधत बसतो. आज विचारत होत्या, लग्न का नाही केलंस. म्हटलं, जमलं नाही. "मग निदान कोणाशी कडाक्याचं भांडण तरी कर. इतका मऊ माणूस एकटा राहिला की बुरशी येते." हे त्यांनी बियांकडे बघत म्हटलं, त्यामुळे नक्की कोणाबद्दल होतं कोण जाणे.

९ फेब्रुवारी

पुन्हा बिया उरायला लागल्या. आता एका दाबामागे कधी कधी दोन जादा येतात. नवा कीबोर्ड आणून लावला. काही फरक नाही. आता गाळणी चारशेवर नेऊन बघतोय.

लंबू मला पाणी प्यायच्या जागी गाठून म्हणाला, "कशाला एवढी डोकेफोड करतोस? मी आत्यांच्या दोन ताटल्या रोज घेत जाईन. राहू दे ना."

म्हणजे काय, अपयश मान्य करू? याला मॅडमच्या नजरेत भरायचंय, दुसरं काय! मी म्हटलं, माझा प्रोग्रॅम मी बघतो, तू तुझ्या ताटल्या बघ. तो काहीतरी बोलणार होता, पण ‘जाऊ दे’ म्हणून गेला. लोकांना तांत्रिक अडचणीतली गंमत कळत नाही.

२० फेब्रुवारी

आत्यांनी मोजलेल्या चाळीस ताटल्या मी स्वतः हाताने पुन्हा मोजल्या. तीन दिवस लागले, मान आखडली. चूक एकही नाही! गाळणीसकट प्रत्येक आकडा बरोबर. आणि त्यांची नजर काय आहे! वाकडा कोंब त्यांना मुळाच्या टोकावरून कळतो. लंबूच्या चाळीसात तीन चुका निघाल्या.

आत्यांना सांगितलं, तर त्यांनी चिमट्यातली बी पुन्हा ताटलीत ठेवली. मग म्हणाल्या, "म्हणजे मी अजून चालते."

"पळता," मी म्हटलं.

४ मार्च

आत्या दोन दिवस रजेवर. दाताचा डॉक्टर, म्हणे. मोजणीची खोली इतकी मोकळी वाटली की मी कीबोर्ड पुसायच्या निमित्ताने दोनदा जाऊन आलो. लंबूने विचारलं, "काय रे?" म्हटलं, धूळ.

साडेतीनला चहा एकट्याने प्यायलो. यंत्रातला होता, बेचव.

६ मार्च

आल्या. गालाला सूज नाही, काही नाही. विचारलं, दात काढला का? "दात शाबूत आहेत, चावू का?" पण आज थट्टेत नेहमीचा जोर नव्हता. मोजताना दोनदा थांबल्या, डावा हात टेबलाच्या कडेवर घट्ट दाबून धरला. मी काळजीने विचारलं, "कीबोर्ड खाली सरकवू का?" त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि हसल्या. "सरकव बाबा."

गाळणी सहाशेवर नेली.

१६ मार्च

अहवाल झाला. अठ्ठावीस पानं. शेवटच्या भागाचा मला खरोखर अभिमान आहे. ‘वापरणाऱ्याप्रमाणे बदलणारी गाळणी’. त्यात आत्यांचा आलेख दिला आहे, जानेवारीत अडीचशे, फेब्रुवारीत चारशे, मार्चमध्ये सहाशे, आणि शेजारी ‘चुका शून्य’. रेघ कशी झोकात चढत जाते. प्रोग्रॅमने माणसाला सांभाळून घेतल्याचा याहून चांगला पुरावा काय देणार?

आत्यांनी विचारलं, "त्यात माझं काय लिहिलंस?"

"कौतुक! दुसरं काय?"

"माझं नाव नको घालूस रे."

"अहो, नाव नसेल तर कौतुक कुणाचं?"

"नको घालूस," त्या पुन्हा म्हणाल्या. मग लंबू आत आला आणि विषय राहिला.

या पिढीला स्वतःची वाहवा करून घेता येत नाही. मी नाव ठेवलं आहे. मॅडमनी शाबासकी दिली म्हणजे होतील खूश.

१८ मार्च, बुधवार

मॅडमनी बोलावलं. टेबलावर माझा अहवाल त्याच पानावर उघडा होता.

"हा आकडा वाढतोय तो कशामुळे?"

मी सांगायला लागलो. दाब, सोड, दोनशे मिलिसेकंद, कपाटाचा पंखा कसा नव्हता, कीबोर्ड कसा नव्हता. मला वाटतं मी दहा मिनिटं बोललो. बोलता बोलताच पंखा नाही, टेबल नाही, कीबोर्ड नाही, मग मागे काय उरतं, हे माझं मलाच ऐकू आलं आणि मी थांबलो. 

"तुम्हाला आत्ता कळतंय?" मॅडम म्हणाल्या.

मी मान हलवली.

"दोन वर्षं झाली. सगळ्यांना दिसतंय. ढीग मोजायच्या तेव्हा डाव्या हाताचं काम नव्हतं, चालून जात होतं. मी काही बोलले नाही, कारण कुठल्या कागदावर नव्हतं." त्यांनी पानावर बोट ठेवलं. "आता आहे. तारखांसकट. या निकालांवर आत्यांची सही जाते. उद्या कोणी हे पान काढून विचारलं तर मी काय सांगू?"

मी म्हटलं, चाळीस ताटल्यांत एक चूक नाही, मी स्वतः मोजल्यात. म्हटलं, हे पान फाडून टाका, मी दुसरं लिहून देतो. मॅडम म्हणाल्या, त्यांनी वाचायच्या आधीच, काल संध्याकाळी, सगळा अहवाल वर गेला.

मी खुर्चीत बसून राहिलो. शेवटी त्याच म्हणाल्या, "जा तुम्ही."

१९ मार्च

आत्यांना अकराला बोलावलं. वैद्यकीय तपासणी होईपर्यंत मोजणी बंद, तोवर घरी. तपासणीत काय निघणार ते सगळ्यांना माहीत आहे.

त्यांनी ओली ताटली अर्धवट सोडली नाही. खुर्चीत बसून शंभर पूर्ण केले, पण माझा कीबोर्ड बाजूला सारून. चिमट्याने तीन ढीग केले. मग एप्रन घडी करायला लागल्या, एका हाताने. मी पुढे झालो तर म्हणाल्या, "राहू दे." एवढंच. माझ्याकडे बघितलंही नाही.

त्या गेल्यावर लंबू म्हणाला, "मी सांगत होतो राहू दे. ऐकलंस?"

"स्पष्ट का नाही सांगितलंस?"

"अरे, आंधळ्यालाही दिसलं असतं! मला वाटलं तू मुद्दाम सांभाळून घेतोयस. गाळणी काय, टेबलाखाली रबर काय. मी मनात म्हणत होतो, काय माणूस आहे, किती नाजूकपणे करतोय."

मी स्वच्छतागृहात जाऊन नळ सोडला आणि रडलो. चांगला पाच मिनिटं.

२७ मार्च

करार एक वर्षाने वाढला. वरून अभिप्राय आलाय, गाळणीची कल्पना उत्तम, इतर प्रयोगशाळांनाही द्यावी. दादाला फोन करून सांगितलं. "अरे वा," म्हणाला. "मग आता मजा आहे."

नोंदीत आज दिवसभरात एकवीसशे घटना, सगळ्या लंबूच्या. साडेतीनला कोणी हाक मारली नाही.

५ एप्रिल, रविवार

लंबूकडून पत्ता घेऊन आत्यांकडे गेलो. तिसरा मजला, दोन खोल्या, सगळं जागच्या जागी. दार उघडून म्हणाल्या, "ये. चप्पल आतच काढ, बाहेर ठेवलीस तर शेजारीण विचारत बसेल कोण आलंय."

वाटेत जे बोलायचं ठरवलं होतं ते बसल्या बसल्या एका दमात बोलून टाकलं. मला माहीत नव्हतं, मी मूर्ख आहे, नाव घालू नको म्हणालात तरी घातलं, तुमची दोन वर्षं मी खाल्ली.

"खाल्लीस खरी," त्या म्हणाल्या. "पहिले चार दिवस तुझ्या नावाने बोटं मोडली. जमतील तेवढी."

चहा त्यांनीच केला. मी उठायला लागलो तर दटावलं. कप उजव्या हाताने एक एक करून आणले. डावा हात पदराखाली होता.

"तुला सांगते," बसल्यावर म्हणाल्या, "तिथे सगळ्यांना दिसायचं. मॅडमना, लंबूला, झाडणाऱ्या बाईला. बघायचे आणि बघितलं नाही असं दाखवायचे. लंबू माझ्या ताटल्या उचलायचा, मॅडम मला सही करायला आत बोलवायच्या, चारचौघांत नको म्हणून. चांगलीच माणसं आहेत, पण त्या चांगुलपणाने मी दमून जायचे रे. दिवसभर आजारी असल्यासारखं वाटायचं. आणि मग तू यायचास. टेबलाखाली घुसून रबर लावायचास. मला आळशी म्हणायचास. तुला खरंच दिसत नव्हतं. साडेतीन ते चार मी अगदी धडधाकट बाई असायचे."

मी कप खाली ठेवला. म्हटलं, "मग आताही तसंच समजा ना. मी येत जाईन. रविवारी मला काहीच काम नसतं."

तेवढ्यात पदर सरकला. हात मांडीवर होता आणि हलत होता, सेकंदाला पाच वेळा. मी चटकन नजर उचलून त्यांच्या चेहऱ्याकडे नेली आणि तिथेच धरून ठेवली. जमेल तितकी सहज.

"बघ," त्या म्हणाल्या. रागाने नाही म्हणाल्या. "आता तूही तसंच करतोस."

मी म्हटलं, नाही. मान खाली घातली. चहा होता तो संपवला. हवेबद्दल बोललो, जिन्यातल्या दिव्याबद्दल बोललो. निघताना दारात विचारलं, "पुढच्या रविवारी येऊ?"

"नको रे," त्या म्हणाल्या. "आता तुझ्यापुढेही मला लपवत बसावं लागेल."

मी बरं म्हटलं, चपला हातातच घेतल्या आणि जिना उतरलो.